चाकाची खुर्ची आणि डोंगरातले पाणी

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आत्या येतात. नात्याने त्या एकाच्याच आत्या. पण आता सगळे गाव त्यांना आत्या म्हणते. वय साठीच्या पुढे. माहेर आंबेगाव तालुक्यातले, पार डोंगरातले. हिरड्याच्या दिवसांत झाडावर चढण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. बारा वर्षांपूर्वी अशाच एका झाडावरून त्या पडल्या. पाठीचा कणा मोडला. कमरेखालचे अंग गेले. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत बसतात. या खुर्चीला लोक व्हीलचेअर म्हणतात.

एकदा वर्गात धडा होता पाण्याचा. आम्ही विचारले, "तुम्हांला कुठलं पाणी बघावंसं वाटतं?" कोणी म्हणाले समुद्र. कोणी म्हणाले चंद्रभागा. आत्या म्हणाल्या, "मला डिंभ्याचं पाणी बघायचंय. पण भरलेलं नको. उन्हाळ्यातलं, ओसरलेलं."

"ओसरलेलं का बरं?"

"भरलं की नुसतं पाणीच दिसतं. ओसरलं की आमच्या गावाची जागा दिसते."

वर्ग गप्प झाला. मग त्यांचा भाचा म्हणाला, "आत्या, तुला कुठं नेणार? चढ आहे, उतार आहे. तू आपली घरीच बरी."

भाचा वाईट नाही. रोज आत्यांना वर्गाला तोच आणतो. पण 'तू घरीच बरी' हे वाक्य घरोघरी बोलले जाते. ते मायेने बोलले जाते, म्हणून त्याला उत्तर देणे फार अवघड. आम्ही ठरवले की उत्तर बोलून द्यायचे नाही, जाऊन द्यायचे. त्या वर्षी आम्ही दोन धरणांवर गेलो. तिथे जे शिकलो ते या धड्यात सांगतो.

आपली डोंगरातली तळी

हिमालयात बर्फाने कोरलेली तळी आहेत. आपल्या सह्याद्रीत तसे नाही. इथे पाऊस चार महिने कोसळतो आणि पाणी ओढ्यानाल्यांनी वाहून जाते. म्हणून माणसांनी नद्या अडवल्या. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत डोंगरातले तळे म्हणजे बहुतेक धरणच.

कुकडी प्रकल्पात अशी पाच धरणे आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात. पाचवे डिंभे, आंबेगाव तालुक्यात. ते घोड नदीवर बांधले आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्यांचा प्राण गेला.

डिंभे भरले म्हणजे त्यात सुमारे साडेतेरा टी.एम.सी. पाणी मावते. एक टी.एम.सी. म्हणजे शंभर कोटी घनफूट. लिटरमध्ये सांगायचे तर सुमारे २,८०० कोटी लिटर. या पाच धरणांचे पाणी जुन्नर, आंबेगाव आणि शिरूरला मिळते. तसेच ते पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा असे दूर जाते. तिकडे ऊस आणि कांदा पिकतो. पण इकडे डोंगरात कोणाचे शेत गेले, कोणाचे घर गेले. आंबेगाव हे मूळ गाव, ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो, तेही डिंभ्याच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावात आहे. पुढे जमीन गेलेले आदिवासी बांधव सहकारी संस्था करून त्याच पाण्यात मासेमारी करू लागले.

आता खुर्चीवाल्याच्या कामाची गोष्ट. नैसर्गिक तळ्याचा काठ फारसा हलत नाही. धरणाचा काठ रोज हलतो. पावसाळा संपताना धरण भरलेले असते. मग कालव्याला पाणी सुटते आणि पातळी उतरत जाते. कार्तिकात जे पाणी रस्त्याच्या जवळ असते तेच वैशाखात खोल खाली जाते. मधे उरतो तो चिखल, गाळ आणि भेगाळलेली जमीन. त्यावर खुर्ची चालत नाही. म्हणून 'तळे कुठे आहे' एवढेच विचारून भागत नाही. 'या महिन्यात पाणी कुठे आहे' हेही विचारावे लागते.

खुर्चीची ओळख

आपल्याकडे चाकाची खुर्ची पाहिली की लोकांना दवाखाना आठवतो. ते बरोबर नाही. खुर्ची हे आजाराचे चिन्ह नव्हे. ती पायांच्या जागी आहे. चष्मा डोळ्यांना, तशी खुर्ची पायांना.

स्वतःच्या हाताने चालवायची खुर्ची प्रथम गरजवंतानेच केली, हे ऐकून नवल वाटेल. १६५५ साली जर्मनीत श्टेफान फार्फलर नावाचा एक घड्याळजी होता. त्याला चालता येत नव्हते. त्याने हाताने फिरवायची तीन चाकांची गाडी स्वतःसाठी केली. आपल्या गावात अपंग माणसे हाताने फिरवायची तीनचाकी सायकल चालवतात ना? तिचीच ती पणजी. पुढे अमेरिकेत १९१८ साली हर्बर्ट एव्हरेस्ट हा खाणीतला इंजिनियर अपघातात जायबंदी झाला. त्याला मोटारीत घालता येईल अशी खुर्ची हवी होती. त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज याने त्याच्याबरोबर घडी होणारी खुर्ची तयार केली. आज आपण जी घडीची खुर्ची पाहतो, ती त्याच वळणाची.

खुर्चीला मागे दोन मोठी चाके असतात. त्यांना लागून एक कडे असते. त्या कड्याला धरून बसलेला माणूस स्वतः खुर्ची चालवतो. पुढे दोन लहान चाके असतात. ती वळतात. पण खडीत आणि वाळूत तीच रुततात. दोन्ही बाजूंना ब्रेक असतात. पाय ठेवायला पावट्या असतात. मागे ढकलायला दोन मुठी असतात.

आमच्याबरोबर आणखी एक जण होते. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांना लहानपणी पोलिओ झाला. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण आधी ज्यांना तो झाला त्यांचे पाय कसे परत येणार? दादा तीनचाकी सायकल वापरतात. त्यांच्या दंडात पैलवानाचे बळ आहे.

जाण्याआधी चार गोष्टी

पहिली गोष्ट, विचारणे. कुठे जायचे, कोणी ढकलायचे, कसे उचलायचे, हे खुर्चीवाल्यालाच विचारावे. ज्याचे अंग त्यालाच त्याची माहिती. न सांगता मागून खुर्ची ढकलू नये. तुमच्या खांद्याला धरून कोणी तुम्हांला अचानक पुढे लोटले, तर कसे वाटेल?

दुसरी गोष्ट, मोजणे. आम्ही एक बांबूची काठी घेतली आणि आत्यांच्या खुर्चीच्या रुंदीएवढी कापली. सव्वीस इंच भरली. ही काठी दारात आडवी धरायची. काठी गेली तर खुर्ची जाईल. पण हातांनाही जागा हवी, म्हणून दोन्हीकडे तीन-तीन बोटे मोकळी राहिली पाहिजेत. अक्षर न येणाऱ्यालाही हे माप घेता येते. नवे दार करायचे असेल तर सरळ तीन फूट रुंद करावे.

तिसरी गोष्ट, गाडी. एस.टी.त अपंगांना तिकिटात सवलत आहे. पण साध्या गाडीची पायरी उंच ती उंचच. म्हणून आम्ही जीप ठरवली. खुर्ची घडी करून मागे ठेवली. दादांची सायकल टपावर दोरीने बांधली. बरोबर हवेचा पंप, एक पाना, दोन फळ्या आणि दोर घेतला.

चौथी गोष्ट, संडास. ही बोलायला लाज वाटते, म्हणून कोणी बोलत नाही आणि त्यातच नुकसान होते. आत्यांनी निघायच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. का? तर वाटेत जायला जागा मिळणार नाही म्हणून. बायांनो, हे करू नका. कणा मोडलेल्या माणसाने पाणी तोडले तर लघवीत जंतू वाढतात. ताप येतो. मूत्रपिंडालाही इजा होते. आम्ही मग वाटेतल्या एका ओळखीच्या घरी आधी निरोप धाडला आणि काठीने दाराचे माप घ्यायला सांगितले. मधे भोक पाडलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची आणि आडोशाला जुने लुगडे बरोबर घेतले. सोबत एक बाई घेतली. ही तयारी झाली, तेव्हा आत्या तांब्याभर पाणी प्याल्या. आमची फेरी खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाली.

पहिली फेरी : पिंपळगाव जोगे

आम्ही ठरवले, आधी सपाट, मग चढ. कार्तिकात नारायणगावाहून निघालो. ओतूर आणि मढ मागे टाकून खुबी फाट्याला आलो. माळशेज घाटाच्या अलीकडे हा फाटा आहे. हरिश्चंद्रगडाला जाणारी पोरे इथेच उतरतात आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या बांधावरून खिरेश्वरकडे चालत जातात.

हे धरण मातीचे आहे. बांध लांबच लांब आणि माथ्यावर सपाट. एका अंगाला पाणी, समोर हरिश्चंद्रगडाची रांग. डोंगर चढायचा नाही, पायरी नाही, आणि पाणी मात्र हाताशी. आमच्या मनात आले, आजवर आपण 'डोंगरात खुर्ची जात नाही' असे म्हणत होतो. पण लेण्याद्रीला काय आडवे येते? डोंगर नव्हे, पावणेतीनशेहून अधिक पायऱ्या. तिथे डोलीवाले आहेत म्हणून म्हातारी माणसे गणपतीपर्यंत पोचतात. ओझरचा गणपती सपाटीवर आहे, तिथे सोपे जाते. म्हणजे उंची आडवी येत नाही. पायरी आडवी येते.

बांधावर वाट कुठे चांगली होती, कुठे खडी वर आली होती. दादा सायकलीचे दांडे फिरवत भर्रकन पुढे गेले. इतके पुढे की आम्हांला हाका माराव्या लागल्या. आत्यांची खुर्ची मात्र खडीत अडली. पुढची लहान चाके रुतली. भाच्याने जोराने ढकलले, तशा आत्या पुढे झुकल्या. पडायच्याच, पण पट्टा बांधला होता म्हणून वाचल्या.

मग दादांनी परत येऊन शिकवले. "ढकलू नकोस. मागच्या मुठी खाली दाब. पुढची चाकं वर उचल आणि मोठ्या दोन चाकांवर ने." तसे केले. खुर्ची चालू लागली. फारच खडी असेल तर खुर्ची उलटी फिरवायची आणि मागे मागे ओढत न्यायची. बैलगाडी चिखलात रुतली की आपण मोठ्या चाकाला खांदा देतो, तसेच हे.

आणखीही गोष्टी कळल्या. चढावर खुर्ची तोंडाने पुढे न्यावी. मोठ्या उतारावर ती उलटी उतरवावी. म्हणजे धरणाऱ्याने खालच्या बाजूला राहून, मागे बघत हळूहळू उतरायचे. बसलेल्याचे तोंड चढाकडे राहते, म्हणून तो पुढे पडत नाही. एखादी पायरी चढवायची असेल तर दोघे हवेत, एक मागे मुठीला, एक पुढे सांगाड्याला. पावट्या किंवा हात टेकायच्या दांड्या धरून खुर्ची उचलू नये. त्या निघून हातात येतात आणि माणूस खाली पडतो. पाण्याच्या काठाला थांबताना खुर्ची पाण्याला आडवी लावावी, पाण्याकडे तोंड करून नव्हे. दोन्ही ब्रेक लावावेत. तरीही एकाने मुठीवर हात ठेवावा. बांधावर वारा फार असतो.

किलोमीटरभर जाऊन आम्ही थांबलो. भाकरी सोडली. भाचा म्हणाला, "आत्या, मला वाटलं होतं तू दमशील." आत्या म्हणाल्या, "दमलास तू. मी तर बसलेच होते." सगळे हसले.

अंगाची काळजी

दादा आणि आत्या दोघेही चालत नाहीत. पण दोघांची गरज एक नाही. पोलिओत पायाचे बळ जाते, स्पर्श राहतो. दादांना खडा टोचला तर कळते. कणा मोडला की बळही जाते आणि बहुधा स्पर्शही जातो. आत्यांच्या पायावर निखारा पडला तरी त्यांना कळणार नाही. म्हणून त्यांच्या पायांकडे डोळ्यांनी लक्ष ठेवावे लागते.

एकाच जागी बसून कातडीवर दाब पडतो. तिथे रक्त पोचत नाही. आधी लाल डाग उठतो. मग कातडी फुटते आणि जखम होते. ही जखम महिनोन्महिने बरी होत नाही, कधी जिवावरही बेतते. उपाय साधा आहे. बसायला जाड, मऊ गादी असावी. पाव ते अर्ध्या तासाने हातांवर जोर देऊन अंग वर उचलावे, किंवा एका बाजूला कलावे आणि मिनिट-दोन मिनिटे तसेच राहावे. गाडीत बसल्यावरही हे विसरू नये. घरी आल्यावर कंबर, माकडहाड आणि टाचा पाहाव्यात. डाग दिसला आणि तो जात नसेल, तर त्या जागेवर बसू नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी फेरी : डिंभे

वैशाख आला. आत्यांनी आठवण केली नाही. नुसते विचारले, "धरणात पाणी किती राहिलंय?" आम्ही समजलो.

ऊन टाळायचे म्हणून पहाटे निघालो. मंचर, घोडेगाव, शिनोली करत डिंभ्याला आलो. धरणाच्या भिंतीवर वाटेल तेव्हा जाता येत नाही, पाटबंधारे खात्याला विचारावे लागते. आम्हांला भिंतीवर जायचेच नव्हते. भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्याने आम्ही पुढे निघालो. आदल्या आठवड्यात आमच्यापैकी दोघे येऊन जागा बघून गेले होते. रस्त्याच्या कडेला सपाट, सावलीची आणि जिथून पाणी दिसेल अशी जागा हवी होती. ती एका आंब्याखाली मिळाली होती.

जीप थांबली. खुर्ची उघडली. तिच्या लोखंडावर ओले फडके टाकले. उन्हात तापलेले लोखंड बधिर पायाला लागले तर फोड येतो आणि कळतही नाही. आत्यांना खुर्चीत बसवले. ब्रेक लावले. मग आम्ही समोर पाहिले.

आम्हांला काय दिसले? खूप खाली पाण्याची पट्टी. वर तपकिरी, ओसाड उतार. कुठे दगडांच्या ओळी, कुठे वठलेले खोड. आम्हांला एवढेच दिसले.

आत्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग बोट वर केले. "ती ओळ दिसते का? तो आमचा बांध. त्याच्या खाली भाताची खाचरं. त्या वळणाला पाणवठा. तिथून वर आलं की चिंच. चिंचेखाली माझी आई बसायची." बोट सरकत होते आणि त्या चिखलात आम्हांला गाव दिसू लागले. आम्ही वर्गात त्यांना अक्षर शिकवतो. त्या दिवशी त्या वाचत होत्या आणि आम्हांला वाचता येत नव्हते.

तेवढ्यात खालून चार मासेमार वर आले. म्हातारी आपल्याकडचीच आहे, हे कळल्यावर त्यांना आनंद झाला. ते म्हणाले, "आई, खाली यायचंय का? बांबू आणतो, झोळी करतो. चौघं मिळून पार पाण्यापर्यंत नेतो." मनापासून म्हणाले. भाचा लगेच उठला. आम्हीही उठलो.

आत्या म्हणाल्या, "नको रे बाळांनो. झोळीतून आजारी माणसाला नेतात. मी आजारी नाही. मी बघायला आले आहे, इथून दिसतंय."

आम्ही परत खाली बसलो. खरे सांगायचे तर आम्हांला थोडे वाईट वाटले. इतके आलो, आता थोडक्यासाठी राहिले, असे वाटले. पण नेण्याची हौस आमची होती. गाव आत्यांचे होते. कुठवर जायचे हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच. एखाद्याने डोलीत बसावे, एखाद्याने बसू नये. दोन्ही बरोबर. आपण फक्त विचारावे, आणि उत्तर आले की ते ऐकावे.

आम्ही पाव तास थांबायचे ठरवले होते. दीड तास थांबलो. मधे मधे भाचा सांगत होता, "आत्या, अंग उचल." आणि त्या हातांवर जोर देऊन अंग उचलत होत्या. तेवढ्याने नजरही जरा वर जात होती.

कायदा काय म्हणतो?

काही जण म्हणतील, हिंडणे-फिरणे ही चैन आहे. अपंगाला पेन्शन मिळाली, औषध मिळाले, पुष्कळ झाले. कायदा तसे म्हणत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली अपंगांच्या हक्कांचा करार केला. २००७ साली भारताने तो मान्य केला. त्यानुसार २०१६ साली आपल्याकडे दिव्यांग हक्कांचा कायदा झाला. सरकारी कागदात आता अपंगाऐवजी दिव्यांग हा शब्द असतो. या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व धरले आहे. त्याच्या २९व्या कलमात करमणूक आणि सांस्कृतिक जीवन यांचाही हक्क सांगितला आहे. म्हणजे देवळाची जत्रा, तमाशाचा फड, धरणाचे पाणी, हे सगळे त्यात आले. ही मेहेरबानी नव्हे.

याच कायद्यात सांगितले आहे की सार्वजनिक इमारती अपंगांना जाता येईल अशा कराव्यात. कायद्याचे नियम २०१७ साली निघाले. तेव्हापासून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ सालीच संपली. तुमच्या गावची चावडी, शाळा, दवाखाना आणि वाचनालय डोळ्यांसमोर आणा. खुर्ची आत जाते का? जात नसेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा. उभे राहता येत नसेल तर बसून विचारा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हेही विचारा.

पायरीचे गणित

डिंभ्याहून परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. वर्गाची वेळ झाली होती. आत्यांची खुर्ची वर्गाच्या चार पायऱ्यांपाशी थांबली. रोजच्यासारखे चौघे उचलायला आले. आणि आम्हांला आमचीच लाज वाटली. सगळा तालुका ओलांडून आम्ही आत्यांना त्यांच्या गावापर्यंत नेले होते. पण आमच्या स्वतःच्या दारात त्यांना रोज पोत्यासारखे उचलत होतो. दोन वर्षे उचलत होतो आणि त्याचे पुण्य मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात गणित घातले. एक पायरी सहा इंच. पायऱ्या चार. उंची किती? दोन फूट. उताराचा नियम असा की एक फूट उंचीला बारा फूट लांबी. मग दोन फुटांना किती? चोवीस फूट. पण वर्गासमोर जागा होती जेमतेम सोळा फूट. आता काय करायचे?

उत्तर आत्यांनी पाटीवर काढले. बारा फूट जायचे, मग सपाट ओटा, तिथे वळायचे आणि परत बारा फूट यायचे. घाटाचा रस्ता वळणे घेत चढतो, तसेच. गावातल्या गवंड्याने पाण्याच्या नळीने पातळी धरली. उताराला दोन्ही कडांनी चार बोटे उंच कठडा ठेवला, म्हणजे चाक बाहेर जात नाही. वर झाडूने रेघा ओढल्या, म्हणजे पावसात घसरत नाही. घरटी वर्गणी आणि तीन रविवारचे श्रमदान. एवढ्यात काम झाले.

आता त्या उतारावरून आत्या एकट्या येतात. आणि नवल असे की काठी टेकणारे आजोबा, पोटुशी सून, दुधाची किटली आणणारा पोरगा, सगळे त्याच उताराने येतात. पायऱ्या रिकाम्या पडल्या आहेत. उतार खुर्चीसाठी केला, पण तो साऱ्या गावाच्या कामी आला.

परवा आत्यांनी पहिले पत्र लिहिले. बहिणीला. त्यात एकच बातमी होती : "मी गाव बघून आले."

एवढे लक्षात ठेवा

१. खुर्चीवाल्याला आधी विचारा, मग हात लावा.

२. रुंदीची काठी बरोबर ठेवा. दार तीन फूट रुंद असावे.

३. एक फूट उंचीला बारा फूट उतार असावा.

४. खडीत पुढची चाके उचला. मोठा उतार उलटे उतरा. पाण्याकाठी खुर्ची आडवी लावा आणि ब्रेक लावा.

५. पाणी प्या. संडासाची सोय आधी करा.

६. पाव ते अर्ध्या तासाने अंग उचला. घरी आल्यावर कातडी पाहा.

७. धरणाचे पाणी महिन्यागणिक सरकते. जाण्याआधी चौकशी करा.

विचार करा आणि लिहा

तुमच्या गल्लीत चाकाच्या खुर्चीवर कोण बसते? त्यांना कुठे जावेसे वाटते, हे तुम्ही कधी विचारले आहे का? तुमच्या दाराला किती पायऱ्या आहेत? त्यांना किती फूट उतार लागेल?